तीन पायऱ्या

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात आशागड नावाचे गाव आहे. नाव ऐकताच एखादा उंच गड, त्याचे बुरूज आणि दमछाक करणारी चढण डोळ्यांपुढे उभी राहावी. परंतु या मुलखातून जाणाऱ्या वाटसरूला भेटतात ती भातखाचरे, ताडाची उंच झाडे आणि पाड्यापाड्यांनी विखुरलेली घरे. अशा गावात सर्वांत अवघड चढण कोणती, असे कोणी विचारले तर डोंगराकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. ती शाळेच्या दारात असते, दवाखान्याच्या दारात असते, ग्रामपंचायतीच्या कचेरीपुढे असते. ती अवघ्या तीन पायऱ्यांची असते.

बहुतेकांना ही चढण दिसतच नाही. घंटा झाली की मुले त्या तीन पायऱ्या दोन उड्यांत ओलांडून वर्गात जातात. शाळेला पायऱ्या किती, असा प्रश्न त्यांना अचानक विचारला तर निम्मी मुले उत्तरासाठी खिडकीतून डोकावतील. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, त्याला मात्र त्यांची संख्या, त्यांची उंची आणि कोणत्या पायरीचा कोपरा फुटला आहे, हे सारे तोंडपाठ असते.

पायऱ्या बांधणाऱ्या गवंड्याला याचा दोष देता येणार नाही. जून महिन्यात समुद्रावरून ढग आले की या भागात पाऊस कोसळू लागतो. अंगणातून पाण्याचे लोट वाहतात, भिंतींना ओल येते आणि विंचूकाटाही कोरडी जागा शोधत घराकडे वळतो. म्हणून येथे इमारतीचे जोते चांगले हातभर उंच घ्यावे लागते. जोते उंच म्हणजे पायऱ्या आल्याच. पावसाला बाहेर ठेवण्यासाठी केलेली ही योजना एखाद्या मुलालाही बाहेर ठेवील, हे मात्र जोते भरताना कोणाच्या ध्यानी आलेले नसते.

अशाच एखाद्या पाड्यावर राहणारी अकरा वर्षांची मुलगी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. तिचे पाय जन्मापासून तिचे ऐकत नाहीत. पूर्वी असे मूल दिसले की लोक पोलिओचे नाव घेत. तो रोग आता भारतातून गेला आहे. २०१४ साली देश पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. तरीही काही बालकांच्या मेंदूला जन्माच्या वेळी पुरेसा प्राणवायू मिळत नाही, काहींच्या पाठीचा कणा गर्भातच अपुरा राहतो, काहींचे स्नायू वयाबरोबर दुबळे होत जातात, तर कोणी झाडावरून पडून जायबंदी होते. कारण कोणतेही असो, या मुलीला चालता येत नाही. तिला चाकाची खुर्ची मिळालेली आहे. दोन्ही हातांनी चाके फिरवून ती कोठेही जाऊ शकते. निदान जेथवर जमीन सपाट आहे, तेथवर जाऊ शकते.

पहिलीत होती तेव्हा बाबा तिला कडेवर घेऊन वर्गात सोडीत. तेव्हा ते कोणालाच वावगे वाटत नसे; त्या वयात धडधाकट मुलेही कडेवर बसतातच. तिसरी-चौथीत गुरुजी आणि दोन मोठी मुले मिळून तिला खुर्चीसकट उचलू लागली. उचलणाऱ्यांच्या मनात मायाच होती. पण पाचवी-सहावीत आल्यावर मुलीला त्या उचलण्याची लाज वाटू लागली. रोज सकाळी साऱ्या शाळेसमोर आपल्याला पोत्यासारखे वर चढवितात, मग खुर्चीत नीट बसवितात, हे तिला सोसेना. मधल्या सुटीत सगळी मुले अंगणात धावत, तेव्हा तिला खाली कोण नेणार आणि पुन्हा वर कोण आणणार? ती वर्गातच बसून राही. शौचालयाच्या दारात आणखी एक पायरी होती आणि दार खुर्चीहून अरुंद होते; म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून दुपारपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे. तहान लागली तरी पाणी प्यावयाचे नाही, हा धडा कोणत्याही पुस्तकात नसतो. पण असा धडा गिरविणारी मुले खरोखरच आहेत. अखेर एके दिवशी ती म्हणते, "बाबा, मी घरीच बसते." घरच्यांना वाटते, मुलीला शिक्षणाची गोडी उरली नाही.

मूल शाळेत येत नाही याचा अर्थ त्याला शिकावयाचे नाही असा नव्हे, हे याच डहाणू तालुक्यात फार पूर्वी दोन स्त्रियांनी ओळखले होते. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण भागातील लहान मुलांसाठी शिक्षणाचे काम सुरू केले. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आजूबाजूच्या पाड्यांवरील वारली मुले शाळेकडे फिरकत नसत. त्यांना आळशी किंवा मंद म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी तसे केले नाही. मुले दिवसभर करतात तरी काय, हे त्यांनी पाहिले. कोणी गुरे राखीत होते, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळीत होते. मग मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरू लागली आणि गुरे चरत त्या कुरणातच कुरणशाळा भरली. पाने, बिया, खडे, शिंपले हीच तेथील शिक्षणाची साधने झाली. सरकारने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन गौरविले. त्या गौरवापेक्षाही त्यांनी उलटा करून विचारलेला प्रश्न मोठा आहे. मूल शाळेत का येत नाही, असे न विचारता शाळा मुलापर्यंत का पोहोचत नाही, असे त्यांनी विचारले.

हाच प्रश्न तीन पायऱ्यांपाशी उभे राहून विचारावयास हवा. आजही काही मुलांसाठी शिक्षक घरी जातात. ज्यांना अंथरुणातून हलणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीत तर ८५ वर्षांवरील वृद्धांचे आणि ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, त्यांचे मत घेण्यासाठी अधिकारी त्यांच्या घरी जात होते. परंतु आपल्या कल्पनेतील मुलीचे दुखणे निराळे आहे. ती शाळेच्या दारापर्यंत स्वतः येते. घरी येणारे शिक्षक गणित शिकवतील, वाचून घेतील. पण शेजारच्या मैत्रिणीच्या पाटीत डोकावण्याची गंमत, डबा वाटून खाणे, भांडण आणि दुसऱ्या दिवशी त्याचा विसर, हे काही त्यांना पिशवीत घालून आणता येत नाही. कुरणातील मुलापर्यंत शाळेला मैलभर चालावे लागले होते. या मुलीकरिता तिला केवळ हातभर खाली यावयाचे आहे.

खाली येण्याचा तो मार्ग म्हणजे रॅम्प, अर्थात पायऱ्यांच्या जागी किंवा त्यांच्या शेजारी बांधलेला पक्का उतार. पाहताना ही वस्तू अगदी साधी वाटते. थोडी माती, दगड, सिमेंट, वाळू आणि एका गवंड्याचे काही दिवस. पण ती साधी वाटते म्हणूनच फसते. पुष्कळ ठिकाणी पायऱ्यांच्या बाजूस सिमेंटचा एक आखूड, उभा पट्टा ओढलेला आढळतो. कागदावर लिहिले जाते, 'रॅम्प आहे'. प्रत्यक्षात त्या पट्ट्यावरून मुले घसरगुंडी खेळतात, आणि तोच त्याचा खरा उपयोग असतो. चाकाची खुर्ची त्यावर चढविली तर ती मागे उलटावयाची, आणि वरून सोडली तर सुसाट खाली जावयाची.

उतार किती असावा याचे एक माप ठरलेले आहे. एक भाग उंची चढावयाची असेल तर निदान बारा भाग लांबी हवी. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५४० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १८ फूट लांब होतो. तीन पायऱ्यांसाठी एवढी लांबी! ऐकणारा प्रथम चकित होतो. परंतु हिशेब करून पाहिला म्हणजे त्यातील शहाणपण कळते. मुलीचे वजन ३० किलो आणि खुर्चीचे १८ किलो धरले तर एकूण ओझे ४८ किलोंचे. बारास एक अशा उतारावर ते ओझे वर ढकलताना त्याचा बारावा भाग, म्हणजे सुमारे ४ किलोंचा जोर हातांना लावावा लागतो. तोच रॅम्प जागा वाचविण्यासाठी चारास एक इतका उभा केला तर जोर सुमारे १२ किलोंचा लागतो. चाकांचे घर्षण यात धरलेलेच नाही. अकरा वर्षांच्या मुलीचे हात पहिले ओझे पेलतील. दुसरे पेलणार नाहीत. ज्यांना पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी एक फळी, एक खेळण्यातील गाडी आणि प्रयोगशाळेतील ताणकाटा घ्यावा. फळीचे एक टोक कमीअधिक उंच करून गाडी ओढावी. काट्यावरचा आकडा सर्व काही सांगतो.

निसर्गाचा हा नियम मोठ्या यंत्रांनाही पाळावा लागतो. मुंबईहून पुण्याकडे जाणारा बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा सर्वांत उभा चढ ३७ मीटर लांबीस १ मीटर एवढाच आहे, आणि तेवढ्या चढावरही गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. घाटातून जाणारे मोटाररस्तेही डोंगर सरळ चढत नाहीत. वळणावळणांनी लांबी वाढवीत जातात. इंजिनांसाठी एवढा विचार करणाऱ्या माणसाने मुलीच्या दोन हातांसाठी थोडा विचार करावा, यात जास्तीची अशी काही मागणी नाही.

बारास एक हे प्रमाण एखाद्या कचेरीतील टेबलावर जन्मलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी होऊन परतलेले अमेरिकी सैनिक चाकाच्या खुर्च्यांवर बसून विद्यापीठांत शिकावयास आले, तेव्हा वर्गखोल्यांची दारे त्यांना बंद असल्यासारखीच होती. इलिनॉय विद्यापीठात अशा विद्यार्थ्यांसाठी उतार बांधून पाहण्यात आले आणि १९६१ साली इमारतींसाठी जे पहिले लिखित प्रमाण त्या देशात ठरले, त्यात बारास एक हे माप नमूद झाले. भारतातील नियमांतही आज हेच माप आहे. शिवाय रॅम्प निदान १२० सेंटिमीटर रुंद असावा, दोन्ही बाजूंना धरावयास कठडा असावा, चाक कडेवरून खाली जाऊ नये म्हणून काठ थोडा उचललेला असावा, आणि वर पोहोचल्यावर खुर्ची वळविण्यापुरती सपाट जागा असावी, असेही त्यांत सांगितले आहे.

कायदेही पुष्कळ झाले. सार्वजनिक इमारतींना रॅम्प असावेत, असे १९९५ च्या कायद्यात आले. मात्र ते ऐपतीच्या मर्यादेत करावयाचे होते. कामे टाळण्यासाठी असा एखादा शब्द पुरेसा असतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेच्या इमारतीत अडथळ्यावाचून प्रवेश करता आला पाहिजे, असे सांगितले. २०१६ साली अधिक व्यापक कायदा झाला आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याची मुदत घातली गेली. ती २०२२ साली संपली. अंध असलेले राजीव रतुरी यांनी २००५ साली या विषयावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या खटल्यात सांगितले की, इमारती सुगम करण्याचे नियम हे नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत. ते बंधनकारक असले पाहिजेत. या काळात सरकारी कागदांतील 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द बदलावयास वेळ लागला नाही. शब्दाला सिमेंट लागत नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींची अडचण हालचालीची होती. महाराष्ट्रात सर्व प्रकारच्या दिव्यांग व्यक्ती २९ लाखांहून अधिक होत्या. हे आकडे मोठे आहेत खरे. परंतु ते माणूस डोळ्यांपुढे उभा करीत नाहीत. त्यासाठी कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्याकडे पाहावे. ऐन शाळा-कॉलेजच्या वयात त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. खेळात आणि नाचात रमणारी मुलगी अंथरुणाला खिळली. निराशेच्या त्या काळातून त्या बाहेर आल्या, शिकल्या, सरकारी नोकरी केली. आणि आपल्यासारख्या मुलांना केवळ आसरा देऊन भागणार नाही, त्यांना शाळेत जाता आले पाहिजे, हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. त्यांच्या आत्मकथेचे नावच 'चाकाची खुर्ची' असे आहे. त्यांच्या संस्थेतील इमारती चाकांचा विचार करून बांधल्या गेल्या. तेथे राहून शिकलेली मुले पुढे नोकऱ्यांना लागली, संसारात स्थिरावली. ज्या मुलांना घरी 'याला काय जमणार?' म्हणून बसवून ठेवले होते, त्यांना जमत नव्हते ते शिकणे नव्हे, तर पायऱ्या चढणे होते.

रॅम्प एकाच मुलीसाठी बांधावयाचा का, असा प्रश्न गावच्या बैठकीत कोणीतरी विचारतोच. प्रश्न विचारणाऱ्याला दुष्ट समजू नये. गावापाशी पैसा थोडा असतो आणि गळक्या छपरालाही दुरुस्ती हवी असते. पण रॅम्प एकदा झाला म्हणजे तो कोणाकोणाच्या उपयोगी पडतो, हे दारात तासभर बसून मोजावे. दुपारच्या आहाराची तांदळाची पोती हातगाडीवरून थेट स्वयंपाकाच्या खोलीपर्यंत जातात. गुडघे धरून चालणारी आजी नातवाचा दाखला न्यावयास येते, ती पायऱ्या सोडून उताराकडे वळते. शाळेत मतदान असते त्या दिवशी काठी टेकीत येणारे म्हातारे त्याच वाटेने जातात. दवाखान्याच्या दारात तर गर्भवती स्त्री आणि पाय मोडून आलेला शेतकरी, दोघांनाही तोच मार्ग बरा वाटतो. आणि वय होईपर्यंत जगण्याचे भाग्य लाभले तर आज प्रश्न विचारणारा गृहस्थही कधीतरी त्या कठड्याला हात लावणारच आहे.

तरीही समजा, यांपैकी कोणीच आले नाही; एकटी ती मुलगीच आली. तरीदेखील रॅम्प बांधला पाहिजे. वर्गातील एकाच मुलाला अंधुक दिसत असेल तर गुरुजी फळ्यावर अक्षर मोठे काढतात. किती मुलांना दिसत नाही याची मोजणी आधी करीत नाहीत.

आशागडासारख्या गावात या कामात काही खास अडचणी आहेत, आणि त्या मुंबईत बसून काढलेल्या नकाशात दिसत नाहीत. पाऊस मोठा, म्हणून जोते उंच. जोते उंच, म्हणून रॅम्प लांब. आणि अंगण लहान असले तर एवढी लांबी आणावयाची कोठून? मग रॅम्प सरळ न नेता भिंतीला लागून न्यावा लागतो, मध्ये सपाट टप्पा करून काटकोनात वळवावा लागतो. त्याचे खालचे टोक चिखलात संपले तर सारा खटाटोप वाया जातो, म्हणून फाटकापर्यंत फरसबंदी किंवा घट्ट चोपलेली मुरमाची वाट हवी. पृष्ठभाग गुळगुळीत केला तर तो दिसावयास सुंदर दिसतो आणि पहिल्याच पावसात जीवघेणा होतो. म्हणून सिमेंट ओले असतानाच त्यावर झाडूने आडव्या रेघा ओढून तो खरबरीत करावा लागतो. वर्गाचे दार आणि शौचालयाचे दार निदान ९० सेंटिमीटर रुंद हवे. रॅम्प चढून मुलगी वऱ्हांड्यात आली आणि वर्गाच्या उंबरठ्याशी पुन्हा अडली, तर तिला ते सकाळच्या तीन पायऱ्यांहूनही अधिक लागेल.

एवढे करूनही श्रावणात त्या उतारावर हिरवे शेवाळ धरतेच. ते दर आठवड्याला काथ्याच्या ब्रशाने घासून काढावे लागते, नाहीतर चाके जागच्या जागी फिरतात. म्हणून अशा शाळेच्या सफाईच्या पाळीत पटांगण, वर्ग आणि पाण्याची टाकी यांच्याबरोबर रॅम्पचेही नाव लिहावे लागते. पाळी लावताना त्या मुलीचेही नाव त्यात घालावे. खुर्चीवर बसून लांब दांड्याच्या ब्रशाने कठड्याजवळचा भाग तिला घासता येतो.